लॅबमधून अजून बाहेर न पडलेल्या मटेरियलवर वस्तू कशी डिझाइन करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीतल्या एका लहान कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर असलेल्या मुलीच्या हाती एक पातळ फिल्म आली आहे. मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि दाब पडला की ती विद्युतभार निर्माण करते. मधुमेही रुग्णांच्या तळव्यावरचा दाब टिपणारा इनसोल, म्हणजे बुटातला आतला तळ, तिला त्या फिल्मवर उभा करायचा आहे. डेटाशीट, म्हणजे मटेरियलच्या मोजलेल्या गुणांचा कागद, नाही. लॅब म्हणते अजून वर्षभर लागेल, कंपनीला सहा महिन्यांत प्रोटोटाइप हवा. सुरुवात कुठून करू, लॅबकडे नेमकं काय मागू, आणि महिनाअखेरीच्या एका प्रदर्शनात हे काम मांडलं तर चालेल का, हे तिचे तीन प्रश्न.

सगळ्यात आधी, डेटाशीटची वाट पाहत थांबू नका. एबीएस किंवा नायलॉनसारख्या नेहमीच्या प्लास्टिकचा असा कागद आपल्या हातात येतो तेव्हा त्यातल्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी विचारलेला प्रश्न असतो: किती तापमानाला मऊ पडतं, किती ओढलं की तुटतं, उन्हात पिवळं पडतं का. तुमच्या फिल्मला असे प्रश्न अजून कुणी विचारलेले नाहीत. शोधनिबंधाला लागतात तेवढे आकडे मोजून झालेत, बाकीचा तक्ता कोरा आहे. तो कोणत्या क्रमाने भरायचा हे ठरवणं, माझ्या मते, अशा प्रकल्पात डिझायनरचं मुख्य काम असतं. आकार, पट्टा, रंग यांची वेळ नंतर येते.

हा क्रम लॅबवर सोडला तर तो तुमच्या उपयोगाचा निघत नाही, आणि त्यात लॅबचा काही दोष नाही. संशोधकांचं लक्ष सर्वांत मोठ्या आकड्याकडे असतं. त्यांचं काम तसंच मोजलं जातं. पीव्हीडीएफ या पॉलिमरच्या साध्या फिल्मवर एक न्यूटन बल पडलं की साधारण 20 ते 30 पिकोकूलोम भार मिळतो. 1969 मध्ये कावाई यांनी या पॉलिमरचा हा गुण दाखवून दिला, तेव्हापासून त्यात काही ना काही मिसळून तो आकडा वर नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. तुमची फिल्मही त्याच कुळातली दिसते. पण इनसोलला वेगळंच काहीतरी हवं असतं. डाव्या आणि उजव्या टाचेखाली, या बॅचमध्ये आणि पुढच्या बॅचमध्ये, आज आणि सहा महिन्यांनी सारख्याच दाबाला सारखाच सिग्नल मिळायला हवा. कायम 20 देणाऱ्या फिल्मवर वस्तू उभी राहते. कधी 45 तर कधी 30 देणारीवर राहत नाही. पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगा की मला वाढ नको, सारखेपणा हवा. कारण समजावून सांगितलं तर संशोधक आनंदाने त्या दिशेला वळतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना आजवर हे कुणी मागितलेलं नसतं, एवढंच.

दुसरं काम म्हणजे फिल्म बनताना पाहा. पाकिटात आलेला नमुना काही सांगत नाही. लॅबमध्ये दोन-तीन दिवस बसायची परवानगी मागा, मध्ये बोलू नका, वहीत लिहीत राहा. फिल्म इलेक्ट्रोस्पिनिंगने बनत असेल, म्हणजे हजारो व्होल्टच्या विद्युतदाबाखाली द्रावणाचे बारीक धागे ओढून त्यांची चादर तयार होत असेल, तर खोलीतल्या आर्द्रतेवर धाग्यांची जाडी आणि पोत अवलंबून असतात. मुंबईत याचा अर्थ असा की आर्द्रतेवर नियंत्रण नसलेल्या खोलीत जानेवारीत बनलेली चादर आणि जुलैत बनलेली चादर ही दोन वेगळी मटेरियल्स आहेत. तुमच्या हातात कुठल्या महिन्यातली आहे? फिल्म ओढून ताणलेली असेल तर ताणाची दिशा विचारा. पीव्हीडीएफमध्ये ताणलेल्या दिशेने मिळणारा प्रतिसाद आडव्या दिशेपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे एकाच शीटमधून दोन दिशांना कापलेले तुकडे वेगळे वागतात. प्रत्येक नमुन्यावर बॅच, तारीख, शीटच्या मधला की कडेचा, आणि ताणाच्या दिशेचा बाण, हे सगळं त्याच जागी पेनने लिहून घ्या. फार साधी सवय आहे. पण पुढे सिग्नल का बदलला याचं उत्तर दहापैकी आठ वेळा याच नोंदीत सापडतं.

आता इनसोलकडे येते. तुमच्या प्रश्नात सर्वांत मोठी गोष्ट इथे अडकली आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही.

पिझो फिल्म, म्हणजे तुमच्यासारखी दाबाने भार निर्माण करणारी फिल्म, दाब मोजत नाही, दाबातला बदल मोजते. पाय टेकला की भार निर्माण होतो आणि लगेच गळायला लागतो. साधारण 28 मायक्रॉन जाडीच्या पीव्हीडीएफ फिल्मची धारकता (भार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला 380 पिकोफॅराडच्या आसपास असते. टाचेखाली 10 चौरस सेंटिमीटरचा तुकडा ठेवून तो 10 मेगाओमच्या इनपुटला जोडला तर भार 40 मिलिसेकंदांच्या आतबाहेर ओसरू लागतो. चालताना एक पाय जमिनीवर साधारण 0.6 सेकंद असतो. म्हणजे एक पाऊल पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी सिग्नल विरून गेलेला असेल. चार्ज अँप्लिफायर, म्हणजे भाराचं मोजता येईल अशा व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारं सर्किट, लावून आणि रोध वाढवून हा काळ काही सेकंदांपर्यंत नेता येतो, पण त्यापुढे भरवसा ठेवता येत नाही. आणि इतका मोठा रोध म्हणजे पावसाळ्यात सर्किट बोर्डावर बसणारी ओलही गळतीची वाट होते. कोरड्या एसी खोलीत घेतलेलं रीडिंग ऑगस्टमध्ये दादरच्या फलाटावर टिकणार नाही.

आता तुमचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. साठीचा माणूस, सकाळी विरारहून चर्चगेटला जाणारा, गाडीत तास-दीड तास उभा. तळव्याला इजा करणारा दाब याच वेळात साचतो, एकाच जागी, न हलता. मधुमेहामुळे संवेदना गेलेल्या पायाला ते जाणवत नाही, म्हणून तो पाय बदलत नाही. तुमची फिल्म मात्र या सगळ्या काळात शून्य दाखवणार, कारण काही बदलतच नाहीये. चालताना पावलं कशी पडतात, टाच किती जोरात आपटते, एक पाय वाचवून चालणं चालू आहे का, हे पिझो फिल्म उत्तम सांगेल. उभं राहण्यातला दाब तिच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी दाबाने रोध बदलणारं किंवा धारकता बदलणारं साधं सेन्सर लागेल, आणि ते बाजारात आज मिळतं.

म्हणून लॅबकडे जाण्याआधी कंपनीत एक निर्णय घ्या: इनसोल नेमकं काय सांगणार? चाल सांगणार असेल तर ही फिल्म योग्य. साचलेला दाब सांगणार असेल तर दुसरं मटेरियल मुख्य आणि ही फिल्म सोबतीला. डॉक्टरांच्या मार्गदर्शक तत्त्वांत बुटाच्या आतला कमाल दाब 200 किलोपास्कलच्या खाली ठेवायला सांगितलेलं असतं. तो आकडा भिंतीवर लावा आणि आपलं सेन्सर त्या पट्ट्यात विश्वासाने फरक दाखवतं का, एवढंच आधी बघा. तापमानाचंही तसंच. दोन्ही पायांच्या त्याच जागी 2.2 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दिसत राहिला तर तो धोक्याचा इशारा मानतात. पीव्हीडीएफ उष्णतेलाही प्रतिसाद देतं, त्यामुळे एकाच फिल्मकडून दोन्ही कामं करून घेण्याचा मोह लॅबला होईल. होऊ देऊ नका. तिथेही ते फक्त बदल टिपतं, शिवाय उष्णतेचा सिग्नल दाबाच्या सिग्नलमध्ये मिसळून दोन्ही बिघडतात. थर्मिस्टर हा तापमान मोजणारा काही रुपयांचा सुटा भाग हे काम चोख करतो. नवं मटेरियल तिथेच वापरावं जिथे जुन्याने काम होत नाही. या नियमाला अपवाद करायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

आणखी एक बारकावा. इतक्या पातळ फिल्मला वरून दाबल्यापेक्षा वाकवल्यावर किंवा ताणल्यावर जास्त सिग्नल येतो. चालताना चवड्यापाशी तळवा वाकतो, तेव्हा त्या वाकण्याचा सिग्नल टाचेच्या दाबाला सहज झाकून टाकतो. फिल्म इनसोलच्या थरांत कुठल्या खोलीवर बसवायची, तिला वाकणाऱ्या पट्ट्यातून वगळायचं की मुद्दाम तिथेच ठेवायचं, हा शुद्ध डिझाइनचा प्रश्न आहे. लॅब याचं उत्तर देणार नाही. तुम्हीच द्यायचं.

फिल्म तयार होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. वस्तूचा अनुभव आणि मटेरियलची प्रगती यांचे दोन वेगळे रस्ते करा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पितळी चकतीवर चिकटवलेले पिझो बझर मिळतात, दाबाने रोध बदलणारी सेन्सर्स मिळतात. कार्बन मिसळलेली काळी अँटिस्टॅटिक शीट दोन तांब्याच्या टेपांमध्ये ठेवली की संध्याकाळपर्यंत दाब ओळखणारा इनसोल उभा राहतो. तो अचूक नसेल. पण कंप कुठे द्यायचा, इशारा किती वेळा दिला की माणूस कंटाळून इनसोल काढून टाकतो, घरच्यांच्या मोबाइलवर काय दिसावं, ही उत्तरं त्यातून मिळतात. अगदी सुरुवातीला सेन्सरसुद्धा लागत नाही. आपल्यापैकी कुणीतरी बाजूला बसून मोबाइलवरून इशारा द्यायचा आणि वापरणाऱ्याचं वागणं पाहायचं.

याच टप्प्यावर एक प्रश्न पुढे येतो, तो लॅबमध्ये कुणाला सुचत नाही: आपल्याकडे माणसं घरात चप्पल घालत नाहीत. दारात काढतात, देवळाबाहेर काढतात, ओळखीच्याच्या घरी गेलं की काढतात. बुटातला इनसोल दिवसातले मोजके तास पाहतो, आणि मधुमेही पायाला जखम व्हायला घरातली उघड्या पायांची संध्याकाळही पुरते. शिवाय बरेच रुग्ण बूट घालतच नाहीत, मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ तळ असलेले पट्ट्यांचे सँडल घालतात. आपल्याकडे हे रबर कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरात आलं आणि पुढे मधुमेहींच्या पादत्राणांत स्थिरावलं. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या ऑर्थोटिक्स विभागाची रीतसर परवानगी घेऊन, पादत्राणं बनवणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर थोडा वेळ काढा. तुमचा इनसोल कदाचित इनसोल राहणार नाही, घरात घालायच्या सपाता होतील. मला तर तोच मार्ग जास्त बरोबर वाटतो.

आता थोडं इनसोलच्या बाहेर जाऊन सांगते, कारण हे सगळ्याच स्मार्ट मटेरियल्सना लागू आहे. नेहमीच्या वस्तूत आपण आकार डिझाइन करतो. इथे काळ डिझाइन करावा लागतो: किती वेळात बदल होतो, किती वेळात परत येतो, परत येतो की नाही, आणि हजाराव्या वेळी तेवढाच येतो का.

नितिनॉलचं उदाहरण घ्या. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत 1959 च्या सुमारास विल्यम ब्यूलर यांच्या हाती आला. वाकवलेली तार गरम केली की मूळ आकारात येते, हा गुण 1961 मधल्या एका बैठकीत सहज लक्षात आला: कुणीतरी वाकवलेल्या पट्टीला पाइप पेटवायचा लायटर लावला आणि ती सरळ झाली. आज याची 0.15 मिलिमीटर जाडीची तार विकत मिळते. सुमारे 400 मिलिअँपिअर प्रवाहावर ती सेकंदभरात आखडते आणि 300 ग्रॅमच्या आसपास भार ओढते. व्हिडिओत हे फार देखणं दिसतं. डिझाइनला बसलं की बाकीच्या गोष्टी समोर येतात. ती लांबीच्या 4 टक्केच आखडते, म्हणजे 10 सेंटिमीटरची तार 4 मिलिमीटर. तापताना आखडते त्या तापमानाला ती निवताना सुटत नाही, त्यासाठी आणखी वीसेक अंश खाली यावं लागतं. आणि निवण्याची गती आपल्या हातात नसते, भोवतालच्या हवेच्या हातात असते. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर 70 अंशांना काम करणारी तार स्वतःहून हलेल. निकेलचं प्रमाण एक दशांश टक्क्याने सरकलं तर हे तापमान सुमारे 10 अंशांनी बदलतं, म्हणून इथेही बॅचचा प्रश्न आलाच. नितिनॉल हे इतक्या दशकांचं, भरपूर अभ्यासलेलं मटेरियल. तुमच्या फिल्मबद्दल हे सगळं शोधणारे पहिले लोक तुम्ही आहात.

मग अशा मटेरियलवर चांगली वस्तू होतच नाही का? होते. आणि तिचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांखालून गेलं आहे. पोलिओच्या डोसाची छोटी बाटली आठवा. तिच्या लेबलवर एक वर्तुळ असतं आणि त्याच्या मध्ये फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो, आणि पुन्हा थंड केलं तरी फिका होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोघांचा रंग सारखा झाला की ती बाटली बाद. याला व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर म्हणतात. मागे डायअ‍ॅसिटिलिन नावाच्या रसायनाचं उष्णतेने होणारं बहुलकीकरण आहे. कल्पना 1970 च्या दशकाच्या अखेरची आणि पोलिओच्या बाटलीवर लेबल आलं 1996 मध्ये. इतका काळ लागला.

मला यात काय आवडतं ते सांगते, कारण तुमच्या इनसोलला तेच हवं आहे. पहिलं म्हणजे रसायनाचा वेग लसीच्या खराब होण्याच्या वेगाशी जुळवला. वेगवेगळ्या लसींसाठी वेगवेगळे प्रकार केले: पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचं लेबल 37 अंशांना 2 दिवसांत शेवटाला पोहोचतं, टिकाऊ लसींचं 30 दिवसांत. मटेरियलने किती जोरात रंग बदलावा हे मटेरियलवाल्यांनी ठरवलं नाही, लसीने ठरवलं. दुसरं, शेजारी कायमचं वर्तुळ ठेवलं. नुसता चौकोन असता तर दुपारच्या उन्हात आणि झोपडीच्या अंधारात तो वेगळा दिसला असता. वर्तुळही त्याच प्रकाशात असल्यामुळे तुलना बिघडत नाही. फिकट-गडद ठरवताना छपाईतला आणि डोळ्यातला थोडाफार फरकही त्यात सामावून जातो. अंगणवाडीतल्या ताईंना आकडा वाचायचा नाही, दोन रंग सारखे आहेत का एवढंच बघायचं. मटेरियलचा कच्चेपणा शेजारच्या एका छापील वर्तुळाने सांभाळला. तुमच्या इनसोलमध्ये ते वर्तुळ कुठलं? म्हणजे, ज्याच्याशी तुलना करून फिल्म म्हातारी झाली आहे हे कळेल अशी कोणती गोष्ट तुम्ही सोबत ठेवणार आहात? दोन्ही पायांची एकमेकांशी तुलना हे एक उत्तर असू शकेल. दाब कधीच पडत नाही अशा जागी ठेवलेला फिल्मचा तुकडा हे दुसरं.

जोडणीबद्दल आता, कारण प्रोटोटाइप मोडतात ते इथेच. पीव्हीडीएफ साधारण 170 अंशांना वितळतं आणि 80 च्या पुढे त्याचा पिझो गुण हळूहळू जायला लागतो. म्हणजे तार सोल्डर करता येणार नाही, दाबून बसवायची किंवा वाहक गोंदाने चिकटवायची. ईव्हीए हा तळाचा मऊ फोम गरम करून साच्यात दाबतात त्या टप्प्याच्या आधी फिल्म आत घालता येणार नाही. हे लॅबला ठाऊक असतं पण कारखान्याला नसतं, आणि कारखान्याचं काम कसं चालतं हे लॅबला ठाऊक नसतं. कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पादत्राणं बनवणाऱ्यांकडे जा, तळ चिकटवताना गोंद किती गरम करतात ते स्वतः थर्मामीटर लावून मोजा, आणि तो आकडा लॅबला कळवा. दोन्हीकडची भाषा येणारी त्या साखळीतली तुम्ही एकटीच आहात.

मोडतोड नेहमी मऊ आणि कडक यांच्या सांध्यावर होते: फिल्म संपते आणि कनेक्टर सुरू होतो तिथे. तिथला ताण पसरवायला जागा सोडा. कडक भाग वाकणाऱ्या पट्ट्यापासून दूर न्या, आणि शक्य तर काढता येण्याजोगा करा. गूगल आणि लिव्हाइज यांनी 2017 मध्ये वाहक धाग्याचं जॅकार्ड जॅकेट आणलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा टॅग मनगटापाशी काढता येत असे, तरी त्याला साधारण 10 धुण्यांची मर्यादा सांगितलेली होती. इतकी साधनं हाताशी असलेल्या कंपन्यांची ही स्थिती, म्हणून धुता येणारा इनसोल असं वचन आत्ताच देऊ नका.

चाचण्यांमध्ये आंधळेपणाने कडक चाचणी निवडू नये. सौर पॅनेलसाठी 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत 1000 तासांची चाचणी असते, ती ऐकून पुष्कळ जण तीच करतात. तुमच्या फिल्मला त्या तापमानातच इजा होईल आणि आर्द्रतेबद्दल काहीच कळणार नाही. 40 अंश आणि 93 टक्के आर्द्रता ही दमट उष्णतेची प्रमाणित स्थिती मुंबईच्या पावसाळ्यातल्या बुटाच्या बरीच जवळची आहे. घामासाठी कृत्रिम घाम वापरा. कापडाचा रंग घामाने उतरतो का ते पाहायला कापडाच्या प्रयोगशाळा आम्लधर्मी आणि अल्कधर्मी असे दोन्ही प्रकारचे घाम वापरतात. घाटकोपरची बीट्रा किंवा वरळीची सस्मिरा या कापड-संशोधन संस्थांत चौकशी करा. आणि इलेक्ट्रोड चांदीच्या शाईचे असतील तर ते उघडे ठेवू नका. खाडीजवळच्या हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र एका वेगळ्या गोष्टीची वाटते. फिल्म बंद पडली तर इनसोल काय करेल? सिग्नल नाही म्हणजे दाब नाही, म्हणजे सगळं ठीक, असं सॉफ्टवेअरने धरलं तर बधिर पायाच्या माणसाला तुम्ही खोटा दिलासा देत आहात. तो आधी रोज रात्री आरशात तळवे बघत असेल. यंत्र आल्यावर बघणं सोडेल. शांतपणे बिघडणारी वस्तू या रुग्णासाठी वस्तू नसण्यापेक्षा वाईट आहे. म्हणून सेन्सर स्वतःची तपासणी करेल, शंका आली की स्पष्ट सांगेल, आणि सेन्सर पूर्ण मेला तरी खालचा मऊ तळ उत्तम तळ म्हणून काम करत राहील, इतकं पहिल्या स्केचपासून धरून चाला. जखम होण्याआधी ओळखतो, असा दावा केलात की 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत याल. रुग्णांवर चाचणी घ्यायची तर आचारसमितीची मान्यता लागेल. ते टाळायच्या वाटा शोधू नका. त्या समितीचे प्रश्न डिझाइन सुधारतात.

सहा महिने आणि वर्ष या वादाबद्दल. नासाने तंत्रज्ञानाची तयारी मोजायला नऊ पायऱ्यांची पट्टी केली आहे. तुमची फिल्म तिसऱ्या-चौथ्या पायरीवर आहे, साहेबांना ती सातवीवर वाटते. ही पट्टी त्यांच्यासमोर ठेवा आणि सहा महिन्यांत दोन वेगळ्या गोष्टी द्यायचं कबूल करा: बाजारातल्या सेन्सरवर चालणारा, माणसांनी वापरून पाहिलेला इनसोल, आणि नव्या फिल्मचा एकच तुकडा एकाच टाचेखाली बसवून घेतलेली मोजमापं. या दोन्ही गोष्टी एकाच प्रोटोटाइपमध्ये कोंबायला कबूल होऊ नका. युरोपात 2013 मध्ये सुरू झालेल्या लाइट टच मॅटर्स या प्रकल्पात पिझो प्लास्टिक आणि लवचीक ओएलईडी (प्रकाश देणारे पातळ थर) यांवर काम करताना मटेरियल हाती यायच्या आधीपासून डिझायनरांना संशोधकांबरोबर बसवलं होतं. तुमच्या कंपनीत हे विनाखर्च जमतं. लॅब आणि कंपनी एकाच शहरात आहेत, तेव्हा दर पंधरवड्याला एक दुपार पुरे.

लॅबकडे काय मागायचं, तर: तीन वेगवेगळ्या बॅचेसचे तुकडे, त्यात त्यांना वाईट वाटणारी एक बॅच. वाकवण्याचा आणि दाबण्याचा प्रतिसाद वेगवेगळा मोजलेला. 60 आणि 80 अंशांना तासभर ठेवल्यावर किती गुण उरतो. महिनाभर नुसती पडून राहिली तर काय होतं. आणि बिघडलेले नमुने फेकू नका, मला द्या, असं आवर्जून सांगा. चांगला नमुना एकदाच काहीतरी शिकवतो, बिघडलेले बरंच.

प्रदर्शनाचं उत्तर मात्र नाही असं आहे, निदान आत्ता तरी. भारतात पेटंट अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर त्याचं नावीन्य संपतं. प्रदर्शनांसाठी कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. कॉलेजचं किंवा डिझाइन फेस्टिव्हलचं प्रदर्शन त्यात धरून चालू नका. आधी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज दाखल करता येतो, तो दिवस तुमचा ठरतो आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइनही होतो. फिल्मचा शोध लॅबचा, पण ती तळव्यात कशी मांडायची आणि तिचं म्हातारपण कसं ओळखायचं यातलं जे नवीन असेल त्यात तुमचं नाव शोधक म्हणून यायला हवं. अर्ज होण्याआधी लॅबच्या प्रमुखांशी हे लेखी करून घ्या, त्यांच्या संस्थेत यासाठी वेगळा कक्ष असतो. इनसोलच्या दिसण्याची नोंदणी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी करावी लागते, तीही लोकांसमोर मांडायच्या आधी. महिनाअखेरीला काही दाखवायचंच असेल तर बाजारातल्या सेन्सरवर केलेला नमुना दाखवा आणि फिल्मचा किंवा तिच्या मांडणीचा उल्लेख टाळा. तोही फलक छापायला देण्याआधी लॅबला पाठवून त्यांची संमती मेलवर मागून घ्या.